गाडीच्या पोटाखालची पत्री

महाराष्ट्रातल्या मतदान केंद्रांची यादी उघडली, की पहिल्याच क्रमांकाला एक नाव भेटतं, ते म्हणजे मणिबेली. नंदुरबार हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ, अक्कलकुवा हा पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि त्यातलं मणिबेली हे पहिलं केंद्र. निवडणूक आली, की कर्मचारी यंत्रं घेऊन नर्मदेच्या पाण्यातून बोटीनं तिथं जातात आणि त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकतात. यादीत पहिलं असलेलं हे गाव वाटेच्या हिशेबात मात्र कायम शेवटचं राहिलं. आज ज्या वस्तूविषयी बोलायचं आहे, ती अशाच शेवटच्या गावांच्या वाटेवर मोलाची ठरते. गॅरेजमध्ये तिला 'चेंबर गार्ड' म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात 'स्किड प्लेट' असं लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे. खडकाळ वाटेवर चालणाऱ्या बैलाच्या खुराला आपण पत्री ठोकतो. खूर झिजू नये, दगड आत घुसू नये, म्हणून. गाडीच्या पोटाखाली लावायचा जाड पत्रा हीसुद्धा एक पत्रीच आहे.

मणिबेली हे नर्मदेच्या दक्षिण काठावरचं, सातपुड्याच्या कुशीतलं आदिवासी गाव. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यात आलं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याची झळ महाराष्ट्रात सर्वांत आधी याच गावाला बसली. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली एकूण ३३ गावं या बुडिताच्या यादीत आली. मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये, अशी मागणी करणारं जे निवेदन १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी काढलं, त्याला 'मणिबेली जाहीरनामा' हेच नाव मिळालं. पुढं धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. काठची सपाट जमीन पाण्याखाली गेली. काही कुटुंबं पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, काही डोंगरावर वर सरकून तिथंच राहिली.

धरण योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. पण पाणी चढलं, की नदीकाठची सोपी वाट पहिल्यांदा जाते, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मग उरतात दोनच मार्ग : एक बोटीचा, दुसरा डोंगराचा. डोंगराचा मार्ग म्हणजे अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला यायचं आणि तिथून पुढं नर्मदेच्या दिशेनं उतरत जायचं. आता बऱ्याच पाड्यांपर्यंत डांबर पोहोचलं आहे, हे खरं. पण सातपुड्यातला रस्ता हा एकदा करून कायमचा झाला, असं कधी होत नाही. एका पावसाळ्यात मोरी वाहून जाते, दरड येते, डांबराखालचा मुरूम निघून जातो आणि दगड पुन्हा डोकं वर काढतात.

आणि दगडही साधासुधा नव्हे. हा सगळा प्रदेश काळ्या बसाल्टचा आहे. नंदुरबार-धुळे हा पट्टा भूशास्त्राच्या अभ्यासकांना 'डाइक' नावाच्या खडकभिंतींसाठी ठाऊक आहे. जमिनीच्या भेगांमध्ये शिरलेला लाव्हा तिथंच थिजला, आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती उभ्या राहिल्या. पदार्थाची कठीणता मोजण्याची एक १ ते १० अशी मोजपट्टी आहे. तिच्यावर बसाल्टमधली मुख्य खनिजं साडेपाच ते सहाच्या घरात बसतात. साधं पोलाद चार ते पाचच्या आसपास आणि ॲल्युमिनियम तीनच्या जवळपास. म्हणजे गाडीचं पोट आणि सातपुड्याचा दगड यांची गाठ पडली, तर ओरखडा कोणावर उठणार, हे आधीच ठरलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका पत्र्याचं एवढं काय? गाडी बिघडली तर बिघडली, दुरुस्त होईल. शहरात ते खरं आहे. पण मोलगी-धडगावच्या भागात जीप, क्रूझर, बोलेरो ही केवळ गाडी नसते. तीच एसटी, तीच मालगाडी आणि तीच अॅम्ब्युलन्स. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, नर्मदाकाठासाठी तरंगता दवाखाना आणि बोट-अॅम्ब्युलन्सही आली. तरीही अनेक पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एक नवरा आपल्या आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडं चालत निघाला. ती वाटेतच गेली. ती बातमी अनेकांना आठवत असेल. तिथं अडवलं ते दरडीनं. पण झोळी खांद्यावरून उतरवून ज्या गाडीत ठेवली, तीच गाडी पुढच्या वळणावर पोट फुटून थांबली, तर? मग झोळी पुन्हा खांद्यावर घ्यावी लागते. चेंबर गार्डचा विचार करायचा, तो या जागी उभं राहून.

आता जरा गाडीखाली शिरू. पुढून मागं जाऊ या. सर्वांत पुढं, इंजिनाच्या तळाशी असतं चेंबर, म्हणजे इंजिन ऑइलची टाकी. यात पाच-सहा लिटर तेल साठलेलं असतं. पंप ते वर खेचतो, इंजिनाच्या सगळ्या फिरत्या भागांतून फिरवतो आणि ते पुन्हा खाली येऊन साठतं. त्यामागं गिअरबॉक्स. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल, तर त्याला लागून ट्रान्स्फर केस. मग मागच्या चाकांकडं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट. एका बाजूला सायलेन्सरचा पाइप, दुसरीकडं डिझेलची टाकी. आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोंबणारा तो गोल लोखंडी गोळा, त्याला मिस्त्री लोक हाउसिंग म्हणतात. या सगळ्यांच्या आजूबाजूनं बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या गेलेल्या असतात. काही डिझेलच्या, काही ब्रेकच्या.

यांतला सर्वांत नाजूक आणि सर्वांत घातक अवयव म्हणजे चेंबर. इंजिनाचा क्रँक आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. लोखंडाला लोखंड लागत नाही, ते या पापुद्र्यामुळं. चेंबरला भेग पडली, तेल गळून गेलं, की पंपाला खेचायला काही उरत नाही. पापुद्रा तुटतो, लोखंड लोखंडावर घासतं, तापतं आणि चिकटतं. इंजिन जाम झालं, असं आपण म्हणतो ते हेच. याला फार वेळ लागत नाही. काही मिनिटांत खेळ संपतो. समोरच्या पाटीवर तेलाच्या कुप्पीचं चित्र असलेला लाल दिवा लागतो, तो याचसाठी. दिवा लागला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करायचं. 'एवढी चढण संपवू आणि मग बघू' या विचारानं दोन-तीन हजारांच्या कामाचं लाखाचं काम झालेलं कितीतरी गाडीवाल्यांनी पाहिलं आहे.

पण खर्चाहून मोठा धोका दुसरा आहे. घाट उतरताना इंजिन बंद पडलं, तर ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची शक्ती एक-दोन वेळा ब्रेक दाबल्यावर संपते. मग पायाखालचा पॅडल दगडासारखा घट्ट होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. अंगावर दरी, गाडीत पंधरा माणसं आणि ब्रेक लागत नाही. म्हणजे चेंबरवर बसलेला घाव चेंबरपुरता राहत नाही.

जुन्या जीपची तऱ्हा वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, जी विलीज जीप बनू लागली, ती मुळातच रस्ता नसलेल्या जागी जाण्यासाठी होती. तिच्या गिअरबॉक्सखाली कंपनीनंच संरक्षक पत्रा दिलेला होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि तिचे वंशज पुढं कितीतरी वर्षं आपल्या डोंगराळ भागांत धावले. जुन्या इंजिनांचं चेंबर पोलादी पत्र्याचं असे. दगड लागला, तर त्याला पोचा पडे. ते सहसा फुटत नसे. आजच्या अनेक इंजिनांचं चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. ते हलकं असतं, उष्णता लवकर बाहेर टाकतं, आवाजही कमी करतं. पण ओतीव धातूला पोचा पडत नाही, त्याला तडा जातो. नवी गाडी अधिक ताकदीची आणि आरामाची असली, तरी तिच्या पोटाची कातडी पातळ झाली आहे.

आणखी एक फसगत आहे. आजकाल शहरातल्या ऐटबाज गाड्यांच्या पुढच्या बंपरखाली चंदेरी रंगाचा चमकदार तुकडा असतो. तो पाहून वाटतं, अरे वा, गार्ड आहेच की. हात लावून पाहा, प्लॅस्टिक निघेल. इंजिनाखालीही बऱ्याच गाड्यांना काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते चिखल आणि पाणी उडू नये, हवा नीट वाहावी म्हणून दिलेलं असतं. दगडापुढं त्याचा काही उपयोग नाही. बोटानं टिचकी मारून पाहणं ही सगळ्यात सोपी परीक्षा.

जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत किती अंतर असतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी टेप लावून मोजलेलं असतं. बोलेरोचं हे अंतर कंपनी १८० मिलिमीटर सांगते, म्हणजे सात इंच. एका वितीपेक्षाही कमी. मारुती जिप्सीचं २१० होतं. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारचं २२६ आहे, म्हणजे जेमतेम एक वीत. पण या वितीची खरी गंमत पुढं आहे. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी धुरेवर जो गोळा असतो, त्याची जमिनीपासूनची उंची ठरते चाकावर. गाडी रिकामी असो की भरलेली, ती फारशी बदलत नाही. चेंबर आणि गिअरबॉक्स यांचं तसं नाही. ते चासीवर असतात आणि चासी कमानपाट्यांवर. गाडीत माणसं बसली, टपावर पोती चढली, की पाटे दबतात आणि चेंबर खाली येतं. सकाळी रिकाम्या गाडीनं जो दगड सहज ओलांडला, तोच संध्याकाळी मोलगीच्या बाजाराहून भरून परतताना चेंबरला लागतो. ड्रायव्हर म्हणतो, 'रोजचाच दगड आहे.' दगड रोजचाच असतो. बदललेली असते ती गाडीची उंची. म्हणून अंतर मोजायचं, ते भरलेल्या गाडीचं.

दुसरी गोष्ट लांबीची. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकं गाडीचं पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यता जास्त. बोलेरोत हे अंतर २६८० मिलिमीटर आहे, थारमध्ये २४५०, जिप्सीत २३७५. रस्त्यावर आडवा वरंबा आला किंवा ओढ्याच्या काठावरून गाडी वर चढून पलीकडं वाकू लागली, की पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची आहेत आणि मधलं पोट काठावर बसलेलं, असं होतं. आखूड गाडी तिथून सुटते, लांब गाडी अडकते. लहान मूल पायरीवरून टुणकन उडी मारतं आणि साप पायरीवर पसरून राहतो, तसंच काहीसं.

आता पत्रीकडं वळू. तिचं काम दोन प्रकारचं आहे. पहिलं, घाव एका ठिकाणी न बसू देता मोठ्या जागेवर पसरवणं. दुसरं, गाडीला दगडावरून घसरू देणं. स्किड या शब्दाचा अर्थच घसरणं. दगडाला अडून उभं राहणं हे तिचं काम नाही. म्हणून चांगल्या पत्रीचा पुढचा भाग बंपरच्या मागून तिरका वर वळलेला असतो, होडीच्या नाळेसारखा. नर्मदेत होडी जशी उथळ जागी वाळूवर चढून घसरत पुढं जाते, तशी गाडी दगडावर चढून सरकली पाहिजे.

पत्रा किती जाड असावा? यात एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पत्र्याचं वजन जाडीच्या पटीत वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. तीन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटरचा पत्रा घेतला, तर वजन एक तृतीयांशानं वाढतं, पण ताठपणा दुपटीहून अधिक, जवळजवळ २.४ पट होतो. तीन फूट बाय दोन फुटांच्या आसपासचा, म्हणजे ९० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा धरू. तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा साधारण पावणेतेरा किलोचा होईल, चार मिलिमीटरचा सतरा किलोचा. हेच सहा मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये केलं, तर सुमारे पावणेनऊ किलो. म्हणजे दुप्पट जाड असूनही ते पोलादापेक्षा हलकं. स्पर्धेच्या गाड्यांना ॲल्युमिनियम आवडतं, ते त्यामुळं. पण आपल्या डोंगरातल्या वडाप गाडीला पोलादच बरं. ॲल्युमिनियम महाग पडतं, बसाल्ट त्याला सालपटं काढल्यासारखं सोलतो आणि ते वाकलं किंवा चिरलं तर गावातल्या वेल्डरला सांधता येत नाही. पोलादी पत्रा हातोड्यानं सरळ होतो, मोलगीत नाही तर अक्कलकुव्यात वेल्डिंग होतं. ज्या वस्तूची दुरुस्ती वाटेवर होते, ती वस्तू वाटेची.

पत्रा नुसता सपाट ठेवला, तर तो पापडासारखा वाकतो. घराचा पन्हाळी पत्रा इतका पातळ असूनही माणसाचं वजन पेलतो, तो त्याच्या घड्यांमुळं. तीच युक्ती इथं. कडा वर दुमडायच्या, मधे दोन-तीन उभ्या नाळी काढायच्या. नाळी गाडीच्या लांबीला समांतर हव्यात. आडव्या काढल्या, तर दगड त्यांत अडकेल.

बसवण्यात खरी कारागिरी आहे आणि बहुतेक चुका इथंच होतात. पत्री चासीला बोल्टनं जोडायची. चेंबरला, गिअरबॉक्सला किंवा इंजिनाच्या कुठल्याही भागाला नाही. तसं केलं, तर दगडाचा घाव थेट ज्याला वाचवायचं त्यालाच पोहोचतो. पत्री आणि चेंबर यांच्यामध्ये बोटभर, म्हणजे दोन ते अडीच सेंटिमीटर जागा सोडायची. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, ते हलतं. शिवाय घाव बसल्यावर पत्रा थोडा वर दबणारच. ही मोकळी जागा म्हणजे पत्रीचा अर्धा जीव. बोल्टची डोकी खाली लोंबता कामा नयेत, ती खोलगट खाचेत लपलेली हवीत; नाहीतर पहिला दगड डोकं घासून नेतो आणि मग पत्रा उघडायलाच जमत नाही. दोन तुकड्यांची पत्री असेल, तर कौलांची आठवण ठेवायची. पुढच्या तुकड्याची मागची कड खाली आणि मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या वर. मग पुढं जाताना दगडाला शिरायला फट मिळत नाही. अर्थात, मागं घेताना हीच फट उघडी पडते, म्हणून दगडावर बसलेली गाडी जोरानं मागं ओढू नये.

तेल बदलण्यासाठी चेंबरच्या नटाखाली भोक ठेवायचं. हवा खेळायला झरोके ठेवायचे. इंजिनाची गरम हवा खालूनही निघत असते. ती वाट पूर्ण बंद केली, तर चढणीवर इंजिन तापतं. आणि सायलेन्सरचा पाइप मोकळा सोडायचा. दिवाळीनंतर सातपुड्यातलं गवत वाळतं. ते पत्रीवर साठतं आणि तापलेल्या पाइपाला लागतं. गाडीला आग लागायला एवढं पुरेसं आहे. पावसाळ्यात पत्रीवर चिखल साठतो, त्यानं गंज धरतो आणि गाडीचं वजनही वाढतं. म्हणून महिन्यातून एकदा पत्री धुवायची आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर उतरवून पाहायची. उतरवण्याला आणखी एक कारण आहे. पत्री नसते, तेव्हा तेलाची बारीक गळती जमिनीवर डाग पाडून आपल्याला सावध करते. पत्री असली, की तो थेंब तिच्यावरच जिरतो. तेलाची दांडी रोज सकाळी काढून पाहण्याची सवय पत्री लावल्यावर अधिक गरजेची होते.

इथं कायद्याचा एक मुद्दा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गाड्यांच्या पुढं लावायच्या लोखंडी दांड्यांवर, म्हणजे बुल बारवर, कारवाई करायला राज्यांना सांगितलं. त्या दांड्यांमुळं पादचाऱ्यांना इजा होते आणि धडकेचा जोर थेट चासीवर जातो. पोटाखालची पत्री ही वेगळी वस्तू आहे. ती बंपरच्या पुढं येत नाही. पण हौसेपोटी तीच पुढं वाढवून बंपरसमोर आणली किंवा चासी कापून, तिला भोकं पाडून बसवली, तर तोच दोष येतो. एअरबॅग असलेल्या गाडीत तर पुढचा भाग धडकेत ठरल्याप्रमाणं दुमडला पाहिजे. म्हणून कंपनीनं दिलेल्या भोकांनाच, बोल्टनं आणि बंपरच्या आत, एवढी मर्यादा पाळावी.

एवढं करूनही पत्री काही चमत्कार करत नाही. तिची खरी साथीदार म्हणजे वेग. दोन टन वजनाची गाडी ताशी २० किलोमीटरनं दगडावर आदळली, तर तो घाव तीच गाडी दीड मीटर उंचीवरून खाली टाकल्याएवढा असतो. वेग निम्मा केला, ताशी १०, तर घाव चौथाईवर येतो. उंची उरते ४० सेंटिमीटर. कोणताही पत्रा दीड मीटरचा घाव रोज सोसणार नाही, ४० सेंटिमीटरचा सोसेल. जिथं दगड दिसतो तिथं चालण्याच्या वेगानं, पहिल्या गिअरमध्ये जायचं. पत्री लावल्यावर 'आता काय भीती' म्हणून वेग वाढवला, तर पत्री नसलेली बरी.

दुसरी साथीदार म्हणजे नजर. नवशिका ड्रायव्हर मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेतो, कारण त्याला चाक वाचवायचं असतं. अनुभवी माणूस उलट करतो. तो चाक दगडावर चढवतो. चाक चढलं, की धुरा आणि पोट दोन्ही वर उचलले जातात. चाकाचं रबर झिजायलाच बनवलेलं आहे, चेंबर नाही. तसंच, ट्रकच्या चाकोऱ्यांनी मधे उंच वरंबा तयार झाला असेल, तर एक चाक वरंब्यावर आणि दुसरं कडेवर ठेवायचं. आणि वळणापलीकडचं दिसत नसेल, तर क्लीनरला खाली उतरवून पुढं पाठवायचं. दोन मिनिटं जातात, पण गाडी राहते.

चेंबरला तडा गेलाच, तर काय? इंजिन बंद करायचं, थंड होऊ द्यायचं. तडा बारीक असेल, तर ती जागा पुसून, घासून, कोरडी करून एमसीलसारखी लांबी लावतात, ती वाळू देतात आणि नवं तेल भरून हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जातात. तेलकट जागेवर लांबी धरत नाही, ही त्यातली मेख. डिझेलच्या टाकीला भेग पडली, तर कपडे धुण्याचा साबण चोळतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून काही तास निभावतं. हे उपाय मुक्कामाला पोहोचण्यापुरते आहेत, मुक्काम करण्यासाठी नाहीत. आणि ब्रेकची नळी फुटली असेल, तर असा कोणताही उपाय नाही. गाडी तिथंच उभी करायची. पत्री या नळ्यांना झाकत नाही. त्या मागच्या धुरेवरून उघड्या जातात. म्हणून वाटेला लागण्याआधी वाकून त्यांच्याकडं एक नजर टाकणं, हे प्रत्येक ड्रायव्हरचं काम आहे.

शेवटी एक गोष्ट सांगाविशी वाटते. डोंगरातल्या गाडीचा सगळा भुर्दंड तिच्या मालकावर पडतो. पाटे तुटतात, टायर जातात, चेंबर फुटतं आणि तो खर्च तो प्रवाशांकडून फेडून घेतो किंवा गाडीत आणखी चार माणसं कोंबून भरून काढतो. माणसं वाढली, की पाटे दबतात, चेंबर खाली येतं आणि पुन्हा तोच दगड लागतो. हे चक्र एका जाड पत्र्यानं थोडं तरी थांबतं. सरकारी गाड्यांचंही तेच. आरोग्य खात्याची, निवडणुकीची, पोषण आहाराची जी वाहनं नर्मदाकाठच्या तालुक्यांत पाठवायची, ती विकत घेतानाच पोटाखालची पत्री असलेली घ्यावीत, असा नियम करायला काही कोटी लागत नाहीत. मैदानातल्या गावाला आणि डोंगरातल्या गावाला एकाच मापाची गाडी दिली, तर कागदावर समानता होते, वाटेवर होत नाही.

पत्री ठोकलेला बैलही अखेर वाटेवरच चालतो. वाट नीट करणं हे पहिलं काम आणि त्याला पर्याय नाही. पण यंदाच्या पावसाळ्यात वाट वाहून जाईल आणि दुरुस्त व्हायला वेळ लागेल, हेही तितकंच खरं. तोवर झोळीतून उतरवलेला माणूस ज्या गाडीत ठेवायचा, ती गाडी दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे. त्यासाठी चार मिलिमीटर लोखंड, आठ बोल्ट आणि थोडा धीर एवढंच लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)